कॉलेजचं मेन्स लॅक्रॉस : दुखापती नक्की कुठल्या होतात? मुलगा यंदापासून खेळतोय

मृण्मयी_के
नमस्कार मंडळी. आम्ही मेरीलँडमध्ये बाल्टिमोरजवळ राहतो, इथे लॅक्रॉस म्हणजे आपल्याकडे गल्लीगल्लीत क्रिकेट असतं तसं आहे. मुलगा शाळेपासून खेळतोय आणि यंदा एका डिव्हिजन थ्री (कॉलेज स्पर्धांची तिसरी पातळी) कॉलेजच्या टीममध्ये मिडफिल्डर (मधल्या फळीचा खेळाडू) म्हणून लागलाय. शाळेत समोरची पोरं त्याच्याच अंगाची असायची, आता बावीस वर्षांचे, जिममध्ये कमावलेले गडी अंगावर येणार आणि खेळात अंगावर येणं नियमात बसतं. मी खेळाच्या विरोधात अजिबात नाही, त्याला मैदानात बघायला मला मनापासून आवडतं, पण मला धड माहिती हवीय. इथल्या आयांना विचारलं तर "ओ, ही विल बी फाइन" म्हणतात आणि सासूबाई सांगलीहून रोज फोनवर विचारतात की त्या काठीने डोकं फुटत नाही ना. या दोन टोकांच्या मधलं काय खरंय ते सांगा. कुठली दुखापत नेहमीची, कुठली क्वचित पण गंभीर, आणि मी लांब बसून कशाकडे लक्ष ठेवू? फिजिओ, ऑर्थो, ट्रेनर, ज्यांची मुलं खेळलीत असे पालक, सगळ्यांनी लिहा प्लीज.

घाटावरचा
ताई आधी हा खेळ काय ते तरी सांगा, आम्ही पुण्यातली माणसं, नाव फक्त ऑलिंपिकच्या बातमीत ऐकलंय. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत ऑलिंपिक समितीचं अधिवेशन झालं त्यात क्रिकेटबरोबर लॅक्रॉस पण २०२८ च्या लॉस एंजेलिसला घेतलं, एवढंच लक्षात आहे.

लॅक्सवाले_बाबा
मी सांगतो, माझा मुलगा न्यू जर्सीत गोलकीपर होता, शाळेत आणि मग कॉलेजात. हा मूळ इथल्या आदिवासी लोकांचा खेळ, हौदेनोशोनी लोकांचा, त्यांच्यासाठी आजही तो पवित्र आहे. पुरुषांच्या मैदानी लॅक्रॉसमध्ये एका बाजूला १० जण, गोली, ३ डिफेन्स, ३ मिडी म्हणजे मिडफिल्डर, ३ अटॅक. प्रत्येकाच्या हातात जाळीवाली काठी, त्यात बॉल झेलायचा, पळवायचा, फेकायचा. बॉल भरीव रबराचा, साधारण १४५ ग्रॅमचा, आणि कॉलेजमधला चांगला शूटर तो ताशी ९० मैलांच्या वर मारतो. मैदान ११० यार्ड लांब. छोटी काठी ४० ते ४२ इंच आणि डिफेन्सवाल्यांची लांब काठी ५२ पासून ७२ इंचांपर्यंत, म्हणजे सहा फूट. समोरच्याकडे बॉल असेल तर समोरून किंवा बाजूने, कमरेच्या वर आणि मानेच्या खाली अंगाने धक्का मारता येतो, ग्लोव्हवर आणि काठीवर काठी मारता येते. अंगावर हेल्मेट, माउथगार्ड, खांद्याचे पॅड (छातीही झाकणारे), कोपराचे पॅड आणि ग्लोव्ह्ज, बास. कमरेखाली पॅड नसतात. ऑलिंपिकला जे येतंय ते सिक्सेस, सहा-सहा जणांचं, छोटं मैदान आणि सगळ्यांकडे छोट्या काठ्या. या धाग्यावर दहा जणांच्या खेळाबद्दलच बोलू.

अथलेटिक_ट्रेनर_नाशिककर
मृण्मयीताई, मी नाशिकची, फिजिओ इंडियात केलं आणि आता पेनसिल्व्हेनियात एका कॉलेजमध्ये अथलेटिक ट्रेनर आहे, लॅक्रॉसची टीम माझ्याकडे असते. मोठं लिहितेय.

सगळ्यात आधी डोक्यातलं चित्र बदला. बघणाऱ्याला वाटतं की काठ्या आणि बॉलने मुलं जायबंदी होत असतील, पण माझ्या टेबलावर येतात ती बहुतेक पळताना दुखावलेली पोरं असतात. घोटा, मांडीची मागची शीर, जांघ, गुडघा. एनसीएएने, म्हणजे इथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने, १९८८-८९ पासून २००३-०४ पर्यंत १६ सीझनच्या इजा नोंदवल्या होत्या, त्यात मॅचमध्ये दर १००० वेळा खेळाडू उतरला तर १२.६ इजा आणि प्रॅक्टिसमध्ये ३.२. इजा कशाला धरलं, तर निदान एक दिवस तरी खेळ थांबला किंवा कमी करावा लागला त्याला. म्हणजे मॅचला उतरलेल्या साधारण ऐंशी जणांमागे एक, आणि मॅच प्रॅक्टिसच्या जवळजवळ चौपट धोक्याची. दोन्हीकडे पहिला नंबर घोट्याच्या लचकण्याचा, आणि एकूण इजांतल्या निम्म्याच्या आसपास कमरेखालच्या. जिथे पॅडच नाहीत तिथेच सगळ्यात जास्त, आणि पॅड लावून त्या थांबणाऱ्याही नाहीत कारण मार लागून त्या होतच नाहीत.

मिडफिल्डर म्हणालात ना, मग तर हे जास्तच लागू. मिडी दोन्ही टोकांना पळतो, वेगात येऊन एक पाय रोवून दिशा बदलतो, त्याला डॉज म्हणतात, त्या क्षणी घोटा आणि गुडघा दोन्हींवर सगळा भार येतो. त्यात कुणाच्या पायावर पाय पडला की घोटा आत वळलाच. बाहेरच्या बाजूची लिगामेंट ताणते किंवा फाटते. मुलं "काही नाही झालं" म्हणून टेप मारून परत जातात, आणि तिथेच चुकतं, कारण घोटा परत लचकण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तो आधी एकदा लचकलेला असणं. फोनवर तुम्ही एवढं विचारा: घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबल्यावर जोरात दुखतं का, आणि चार पावलं टाकता येतात का. हाडावर दुखत असेल किंवा चार पावलं टाकता येत नसतील तर एक्सरे काढायलाच हवा. नसेल तर बहुधा लिगामेंट, मग सूज उतरली की लगेच हालचाल सुरू, एका पायावर उभं राहण्याचे व्यायाम, बॅलन्स बोर्ड, आणि त्या सीझनभर लेसवाला ब्रेस. एका पायावर उभं राहणं ऐकायला किरकोळ वाटतं पण परत लचकणं कमी करण्यात त्याचा फार मोठा वाटा आहे, मी माझ्या मुलांना दात घासताना करायला लावते.

हॅमस्ट्रिंगचं, म्हणजे त्या मांडीच्या मागच्या शिरेचं, जानेवारी-फेब्रुवारीत जास्त दिसतं. सुट्टीत घरी आई लाड करते, पोरगं आरामात असतं आणि परत आल्यावर कडाक्याच्या थंडीत पहिल्याच आठवड्यात फुल स्प्रिंट. सीझनच्या आधीच्या प्रॅक्टिसमध्ये इजा सीझनमधल्या प्रॅक्टिसपेक्षा जास्त होतात हे त्या नोंदींतही आहे. त्यामुळे डिसेंबरच्या सुट्टीत त्याला घरी पळायला लावा, आठवड्यातून दोन-तीनदा वेगात, आणि नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे, गुडघ्यावर बसून कुणीतरी पाय धरायचे आणि हळूहळू पुढे झुकायचं, तो करायला सांगा. पाय धरायला तुम्ही बसा.

मृण्मयी_के
केवढं नीट लिहिलंत, खूप खूप आभार. पाय धरायला मी नक्की बसेन. गुडघ्याचं जरा सविस्तर कुणी सांगेल का? त्याच्या टीममधल्या एका मुलाची एसीएल (गुडघ्याच्या आतली लिगामेंट) गेली आणि तो वर्षभर बाहेर आहे असं लेक म्हणाला, आणि तेसुद्धा कुणी धक्का न मारता.

हाडवैद्य_कोल्हापूर
मी ऑर्थोपेडिक सर्जन, कोल्हापुरात. आमच्याकडे कबड्डी, फुटबॉल आणि कुस्तीचे गुडघे येतात, लॅक्रॉसचा एकही नाही आला, पण गुडघा तोच असतो. धक्का न लागता एसीएल जाणं हेच जास्त वेळा होतं. पाय जमिनीत रुतलेला, गुडघा थोडा वाकलेला आणि आत झुकलेला, धड दुसरीकडे वळलं, की लिगामेंट तुटते. मुलं सांगतात "टक् असा आवाज आला", आणि पुढच्या दोन-चार तासात गुडघा टम्म फुगतो. हे दोन्ही असेल तर एमआरआय होईपर्यंत खेळ बंद, बर्फ लावून दुसऱ्या दिवशी बघू असं करू नका. कारण एसीएल तुटल्यावर पहिले काही दिवस गेले की चालता येतं, माणसाला वाटतं बरं झालं, आणि परत खेळायला गेला की गुडघा निसटतो आणि आतली गादी, मेनिस्कस, ती पण फाटते. ती फाटली की चाळिशीत गुडघा दुखायला लागतो, हे मी रोज ओपीडीत बघतो.

ऑपरेशननंतर निदान नऊ महिने तरी पूर्ण खेळ नाही. कोच, मुलगा आणि कधीकधी बाप पण सहाव्या महिन्यात घाई करतो. नऊ महिन्यांच्या आत उतरलेल्यांत परत तुटण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. महिने मोजून पण पुरत नाही, दोन्ही पायांची ताकद आणि उडी मोजायची असते.

आणखी एक, हात-मनगट. काठीचा फटका ग्लोव्हवर बसणं नियमात आहे पण ग्लोव्हचा कफ जिथे संपतो आणि कोपराचा पॅड जिथे सुरू होतो त्याच्यामध्ये थोडी उघडी जागा राहते. आणि हातावर पडला तर अंगठ्याच्या बुडाशी खळगा असतो बघा, अंगठा ताणला की दिसतो, तिथे दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं आणि पहिल्या एक्सरेत ते दिसेलच असं नाही. मनगट लचकलंय म्हणून सोडून दिलं तर ते हाड जुळत नाही, त्याला रक्तपुरवठा कमी असतो. दुखणं राहिलं तर दहा-चौदा दिवसांनी परत एक्सरे किंवा सरळ एमआरआय.

लॅक्सवाले_बाबा
अंगठ्याबद्दल गोलीच्या बापाकडून भर घालतो. गोलीचा वरचा हात काठीच्या डोक्याशी असतो, शॉट सरळ अंगठ्यावर येतो. म्हणून गोलींच्या ग्लोव्हमध्ये अंगठ्याला वेगळं कडक कवच असतं आणि पैसे वाचवायचे असतील तर बाकी कुठेही वाचवा पण तिथे नको. गोलीच्या मांड्यांवर, नडगीवर सीझनभर काळे-निळे गोल डाग असायचे, बॉलच्या मापाचे. त्याची आई बघून डोळे मिटून घ्यायची. ते मुके मार बरे होतात. खांद्याचं मात्र मिडी आणि अटॅकवाल्यांना जास्त, धक्का खाऊन खांद्याच्या टोकावर पडलं की कॉलरबोन आणि खांदा जिथे जुळतो तो सांधा दुखावतो, कधी कॉलरबोनच मोडते. लॅक्रॉसचे शोल्डर पॅड अमेरिकन फुटबॉलसारखे जाड नसतात, हात वर करून खेळायचं असतं ना.

पण मला ज्याच्याबद्दल लिहायचंय ते छातीबद्दल. मृण्मयीताई, घाबरवायला लिहीत नाहीये, हे माहीत असायलाच हवं. १७ मार्च २००४ ला कॉर्नेल आणि बिंगहॅमटनची मॅच चालू होती. कॉर्नेलचा कॅप्टन जॉर्ज बोआर्डी, २२ वर्षांचा, शॉट अडवायला आडवा गेला, बॉल छातीवर बसला, तो कोसळला आणि गेला. कॉर्नेलने त्याचा २१ नंबर त्याच्या नावे राखून ठेवलाय. त्याच्या चार वर्षं आधी लाँग आयलंडच्या नॉर्थपोर्टमध्ये १४ वर्षांचा लुई अकॉम्पोरा, शाळेच्या टीमचा गोली, पहिलीच मॅच, छातीला पॅड होता, बॉल छातीने अडवला आणि कोसळला. त्याच्या आईवडिलांनी एवढ्या दुःखातून उभं राहून न्यूयॉर्क राज्याला कायदा करायला लावला, लुईज लॉ, २००२ चा, त्यामुळे तिथल्या सरकारी शाळांत एईडी मशीन (हृदयाला विजेचा शॉक देणारं) ठेवणं सक्तीचं झालं. माझा मुलगा गोली झाला तेव्हा मी हे सगळं वाचून काढलं होतं आणि अजूनही ते लिहिताना हात थांबतो.

मृण्मयी_के
बाबा, वाचून पोटात खड्डा पडला, पण लिहिलंत ते बरं केलंत. ट्रेनर ताई, याला काय म्हणतात आणि हे कुणालाही होऊ शकतं का? हृदयाची तपासणी करून आधी कळतं का?

अथलेटिक_ट्रेनर_नाशिककर
याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. हृदयात आधी काहीच दोष नसतो म्हणून तपासणीत कळत नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात विजेचं चक्र पूर्ण होऊन परत भरण्याचा एक फार छोटा काळ असतो, सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या एक-दोन पट एवढाच, नेमक्या त्या वेळी हृदयाच्या नेमक्या वर कडक वस्तू आदळली तर ठोके बिघडून हृदय नुसतं थरथरायला लागतं, रक्त पुढे जात नाही. बरगडी मोडलेली नसते, बाहेर जखम नसते. जागा आणि वेळ दोन्ही जुळावं लागतं म्हणून हे फार क्वचित होतं. मुलांच्या आणि तरुणांच्या छातीचा पिंजरा लवचिक असतो म्हणून त्यांच्यात जास्त दिसतं. २०२३ च्या जानेवारीत एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, मॅचमध्ये डॅमर हॅम्लिन मैदानात कोसळला होता ना, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं, ते हेच, आणि तो वाचला कारण मैदानावरच लगेच सीपीआर (छाती दाबणं) आणि शॉक मिळाला.

दिसतं कसं ते लक्षात ठेवा. छातीवर बॉल बसतो, मुलगा एखाद-दोन पावलं टाकतो आणि कोसळतो. कधी हातपाय झटकतो, आचके देतो, लोकांना वाटतं फिट आली किंवा वारा कोंडला, आणि त्याच्या डोक्याशी उभं राहून "श्वास घे, श्वास घे" म्हणत बसतात. कोसळला आणि हाकेला ओ देत नाही, तर हृदय थांबलंय असंच धरायचं, छाती दाबायला सुरुवात करायची, एकाने ९११ ला (इथला इमर्जन्सी नंबर) फोन करायचा आणि एकाने एईडी आणायला पळायचं. शॉकला जितकी मिनिटं उशीर तितके वाचायचे चान्सेस मिनिटाला साधारण दहा टक्क्यांनी उतरतात. म्हणून मशीन बिल्डिंगमध्ये कुलपात नको, साइडलाइनला हवं, तीन मिनिटांच्या आत छातीवर लागलं पाहिजे.

आणि एक खरी प्रगती झालीय. आधीचे छातीचे पॅड मार मऊ करायचे पण हे थांबवतील असे तपासलेले नव्हते. नॉकसी या संस्थेने त्यासाठी वेगळं स्टँडर्ड काढलं, एनडी २००, आणि जानेवारी २०२१ पासून गोलींना आणि जानेवारी २०२२ पासून मैदानातल्या सगळ्या पुरुष खेळाडूंना ते स्टँडर्ड पार केलेलाच पॅड घालावा लागतो, कॉलेजात आणि शाळेत दोन्हीकडे. धोका कमी झालाय, शून्य नाही, त्यामुळे एईडी लागतंच. मिडीला मी अजून एक सांगते की शॉट अडवणं गोलीचं काम आहे, बाकीच्यांनी छाती पुढे करून मध्ये पडायचं नाही, शौर्य दाखवायला इतर भरपूर जागा आहेत.

परखड
माफ करा पण हे सगळं वाचून मला एकच प्रश्न पडतो की मग खेळायचंच कशाला? अभ्यासासाठी पाठवलंय ना मुलाला? टेनिस, पोहणं काय वाईट आहे? उद्या काही झालं तर हे कोच आणि कॉलेज येणार आहेत का आयुष्यभर सांभाळायला? स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

मृण्मयी_के
राग नाही आला. पण तो अठरा वर्षांचा आहे आणि या खेळामुळे तो पहाटे साडेपाचला उठतो, नीट जेवतो, आणि चाळीस मुलांमध्ये त्याची जागा आहे. लहानपणी फार एकटा असायचा तो. हे मी त्याच्याकडून काढून घेणार नाही. धोका समजून घेऊन कमी करायचा, मी त्यासाठीच धागा काढलाय.

ओंकार_लाँगपोल
मी इथेच वाढलो, आईने मराठी टाइप करायला शिकवलं, चुका झाल्या तर समजून घ्या. मी कॉलेजमध्ये क्लब टीमला (एनसीएएच्या बाहेरची टीम) डिफेन्स खेळलो. डोक्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो कारण आम्हाला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली पाहिजे आणि सगळ्यात कमी वाटायची.

हेल्मेट आहे म्हणून कन्कशन (मेंदूला बसणारा हादरा) होत नाही असं नाही. हेल्मेट कवटी फुटण्यापासून आणि चेहरा वाचवतं. आतला मेंदू हलतो तो हलतोच. मेन्समध्ये कन्कशन बहुतेक वेळा अंगावर अंग आपटून होतं. दोघं जमिनीवरचा बॉल उचलायला डोकं खाली घालून येतात, किंवा मिडफिल्डमध्ये पास वर बघत झेलतोय आणि समोरून कोणीतरी येतंय, आम्ही त्याला बडी पास म्हणतो, मित्राने असा पास दिला की तू दवाखान्यात जाणार. डोक्यावर किंवा मानेवर मारलं तर कडक पेनल्टी आहे, नॉन-रिलीजेबल, म्हणजे समोरच्यांनी गोल केला तरी पूर्ण वेळ बाहेर बसायचं. त्यामुळे कमी झालंय.

पण मुलं लपवतात. माझ्या टीममधल्या एकाने मॅचनंतर लाइट बंद करून झोपायला सुरुवात केली, म्हणाला झोप कमी झालीय. तो रूममेटला एकच गोष्ट तीनदा विचारत होता. रूममेटने आमच्यापैकी कोणाला न विचारता सरळ हेल्थ सेंटरला नेलं, आणि ते बरोबर केलं. तेव्हा आमच्यातले काही त्याच्यावर चिडले, पुढच्या आठवड्यात मोठी मॅच होती. आज त्या रूममेटचा सगळे मान ठेवतात. आंटी, तुमच्या मुलाला विचारू नका की तुला बरं आहे का, तो हो म्हणणार. त्याच्या रूममेटचा नंबर घेऊन ठेवा.

अथलेटिक_ट्रेनर_नाशिककर
ओंकार, शंभर टक्के. कन्कशनला बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही, बहुतेक मुलं पडतच नाहीत. डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, मळमळ, धुकं भरल्यासारखं वाटणं, चिडचिड, वाचताना ओळी सुटणं, झोप बिघडणं. कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं. नियम असा की संशय आला की त्या दिवशी परत मैदानात नाही, कितीही बरं वाटलं तरी. मग परत येण्याच्या पायऱ्या असतात: आधी रोजचे व्यवहार आणि अभ्यास, मग हलका व्यायाम, मग खेळातल्या हालचाली, मग धक्का नसलेली प्रॅक्टिस, मग डॉक्टरांनी सोडल्यावर पूर्ण प्रॅक्टिस, मग मॅच. प्रत्येक पायरीला किमान २४ तास आणि त्रास वाढला तर मागे. म्हणजे कमीत कमी आठवडाभर, आणि कित्येकांना जास्त. पहिलं बरं व्हायच्या आत दुसरा मार लागला तर त्याचे परिणाम फार वाईट असू शकतात. आणि उलट्या थांबत नाहीत, डोकेदुखी वाढतच चाललीय, एक बाहुली मोठी, बोलताना अडखळतोय, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघायची नाही, इमर्जन्सीत.

अभ्यासाचं परखड यांनी काढलं म्हणून सांगते, कन्कशनमध्ये कॉलेजकडून परीक्षा पुढे ढकलून मिळते, त्याची रीतसर सोय असते, मुलं मागतच नाहीत.

निवेदिता_एस
माझी मुलगी शाळेत खेळते, तिच्यासाठी हेच सगळं लागू आहे का? तिला हेल्मेट नाही, फक्त डोळ्यांचा गॉगल आहे.

अथलेटिक_ट्रेनर_नाशिककर
निवेदिता, मुलींच्या खेळाचे नियमच वेगळे, अंगाने धक्का मारायला बंदी आहे. त्यांच्यात डोक्याच्या इजा बहुतेक काठी किंवा बॉल लागून होतात. घोटा आणि एसीएलचं सगळं लागू, एसीएलकडे मुलींनी उलट जास्तच लक्ष द्यायला हवं. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.

घाटावरचा
वाचतोय, फार चांगला धागा. वाचनखूण साठवली. एक शंका, खेळ सुरू होताना दोघं गुडघ्यावर वाकून बॉलवर तुटून पडतात असा व्हिडिओ बघितला, त्यात मान नाही का मोडत?

ओंकार_लाँगपोल
ते फेसऑफ. पूर्वी गुडघा जमिनीवर टेकून, डोकी एकमेकांच्या जवळ. २०२१ च्या सीझनपासून कॉलेजात गुडघा टेकायला बंदी, पायावर उभं राहूनच वाकायचं. फेसऑफवाल्यांचे मुख्य त्रास कंबर, जांघ आणि मनगटाचे असतात, शंभरदा तेच.

हाडवैद्य_कोल्हापूर
जांघेचं बरं काढलंत. जांघेत दुखतं आणि खोकल्यावर, उठताना वाढतं, हर्नियासारखं पण हर्निया सापडत नाही, असं कुणी सांगितलं तर ते अंगावर काढायचं नाही. पोटाचे स्नायू जांघेला जिथे चिकटतात तिथली ती इजा असते आणि लवकर पकडली तर पुष्कळदा व्यायामाने आटोक्यात येते.

लॅक्सवाले_बाबा
इन्शुरन्सचं राहिलं. मृण्मयीताई, हे आजच बघा. एनसीएएच्या टीममध्ये असेल तर खेळाडूकडे ९०,००० डॉलरपर्यंतच्या खेळातल्या इजेचं कव्हर आहे याची कॉलेजला खात्री करावी लागते आणि त्याच्या वर एनसीएएचा कॅटास्ट्रॉफिक (फार मोठ्या इजेचा) इन्शुरन्स लागू होतो. पण ते खालचं कव्हर पुष्कळ ठिकाणी तुमचा घरचाच इन्शुरन्स असतो, आणि कॉलेजची पॉलिसी तुमचा संपल्यावर सुरू होते. तुमचा प्लॅन एचएमओ (ठरलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांपुरता) असेल आणि कॉलेज दुसऱ्या राज्यात, तर तिथला एमआरआय आउट ऑफ नेटवर्क, म्हणजे त्या यादीबाहेर, जातो. आम्हाला मनगटाच्या एमआरआयचं बिल आलं तेव्हा हे कळलं. क्लब टीम असेल, ओंकार खेळला तशी, तर एनसीएएचं यातलं काहीच लागू नाही, आणि ट्रेनर असेलच असंही नाही, ते कॉलेजगणिक वेगळं.

मृण्मयी_के
दुसऱ्या राज्यातच आहे कॉलेज, आणि आमचा एचएमओच आहे. नवऱ्याला आत्ताच मेसेज केला. ओपन एनरोलमेंट (प्लॅन बदलता येण्याचा काळ) चालू होईलच. फार मोलाचं सांगितलंत.

अजून एक, सप्टेंबरमध्ये फॉल बॉल (सीझनआधीची प्रॅक्टिस) चालू झालं तेव्हा तो म्हणाला की टीम बाँडिंगसाठी एक दिवस मिलिटरीसारखा वर्कआउट असतो. त्यात काही काळजी करण्यासारखं?

अथलेटिक_ट्रेनर_नाशिककर
आहे, आणि विचारलंत ते बरं झालं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या लॅक्रॉस टीमचा असाच एक वर्कआउट झाला, नेव्ही सील (अमेरिकन नौदलाचे कमांडो) ट्रेनिंग केलेल्या एका माजी विद्यार्थ्याने घेतला होता, आणि नऊ खेळाडूंना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, रॅब्डोमायोलिसिस म्हणून. ही टीम त्याच वर्षी डिव्हिजन थ्रीची चॅम्पियन झालेली, म्हणजे कच्ची पोरं नव्हती. सवय नसलेला व्यायाम एकदम अति केला की स्नायू मोडून त्यातली द्रव्यं रक्तात येतात आणि किडनीवर ताण येतो. मुलाला तीन खुणा सांगून ठेवा: नेहमीच्या अंगदुखीपेक्षा फार जास्त दुखणं, हातपाय सुजून कडक होणं, आणि लघवी काळ्या चहासारखी किंवा कोकसारखी. लघवीचा रंग बदलला की त्याच दिवशी दवाखाना, पेनकिलर घेऊन झोपायचं नाही, आयब्युप्रोफेन तर मुळीच नको, किडनीला अजून त्रास. आणि ट्रेनर हजर नसेल तर असा वर्कआउट मुलांनी करू नये, हे त्यांनी कॅप्टनला बोलावं. टीममध्ये नवीन मुलगा हे बोलू शकत नाही हे मला माहितीय, म्हणून पालकांनी ट्रेनरला ईमेल करावा, आम्हाला असे ईमेल आले तर आवडतात.

परखड
मी वर जरा कडक लिहिलं होतं. वाचून समजलं की आईने डोळे उघडे ठेवून मुलाला पाठवलंय. माझा भाचा इथे कॉलेजला रग्बी खेळतो, त्याच्या मैदानावर एईडी आहे का ते विचारणार आहे.

ओंकार_लाँगपोल
विचारा, आणि असेल तर कुठे आहे ते भाच्याला स्वतः जाऊन बघायला सांगा. "आहे कुठेतरी" असं उत्तर मिळतं पुष्कळदा.

मृण्मयी_के
शेवटचा प्रश्न, मग तुम्हाला सोडते. टीममधल्या एका सीनियरने त्याचे जुने शोल्डर पॅड लेकाला देऊ केलेत, चांगल्या कंपनीचे आहेत, फारसे वापरलेले नाहीत, नवे घ्यायचे तर खर्च आहेच. घेऊ देत का? आणि हेल्मेट पण एका मित्राचं मिळतंय.

अथलेटिक_ट्रेनर_नाशिककर
पॅड उलटून आतलं लेबल बघायला सांगा. नॉकसी एनडी २०० लिहिलेलं असेल आणि त्यासोबत एसईआयचा (तपासणी करून प्रमाणपत्र देणारी संस्था) शिक्का असेल तर घालता येईल. नसेल तर कितीही भारी कंपनीचा असो, फुकट मिळत असो, तो चालत नाही, रेफ्री पण घालू देणार नाही आणि मी तर नाहीच. २०२१ च्या आधी घेतलेला असेल तर बहुधा नसेलच. एकदा घालून बघायला सांगा, छातीच्या डाव्या बाजूची प्लेट हृदयावर नीट बसते का, कारण ढगळ पॅड पळताना सरकतो आणि सरकलेला पॅड काही कामाचा नाही. सीनियर अंगाने थोराड असेल तर तो पॅड याला मोठाच होणार. ट्रेनरकडे घेऊन जा म्हणावं, दोन मिनिटांत सांगतील. हेल्मेट मात्र दुसऱ्याचं नको, त्याने किती मार खाल्लेत ते बाहेरून दिसत नाही आणि डोक्याच्या मापाला ते बसलेलं असावं लागतं. बहुतेक टीम्स हेल्मेट स्वतःच देतात, तेव्हा आधी इक्विपमेंट रूमला विचारायला सांगा.